बादशाहची झोप

गेल्या डिसेंबरात आमच्या बादशाहने जेवण सोडले.

बादशाह म्हणजे आमच्या धाकट्याचे कासव. सहा वर्षांपूर्वी त्याच्या अब्बांनी मत्स्यालयाच्या दुकानातून ते आणले, तेव्हा ते रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासेच मोठे होते. हिरवीगार पाठ आणि दोन्ही डोळ्यांमागे एकेक लाल पट्टा. "एवढंच राहतंय हे, वाढत न्हाई," असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते. आज ते माझ्या तळहातावर मावत नाही, आणि त्याची काचेची टाकी बैठकीतल्या दिवाणाएवढी जागा अडवून बसली आहे.

एरवी धाकट्याच्या पावलांचा आवाज आला तरी बादशाह काचेला नाक लावून पाय मारायला लागायचा. डिसेंबरात तो दगडावर चढून गप्प बसू लागला. दाणे टाकले तर तसेच तरंगत राहायचे आणि दुसऱ्या दिवशी पाणी वास मारायचे. मी आधी फार लक्ष दिले नाही. थंडीत कोण सुस्त होत नाही? आमच्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या दिवसांत उन्हाची तिरीप सरकेल तशी खुर्ची सरकवत असतात.

कोल्हापूरची थंडी तुम्हाला ठाऊक असेल. पहाटे रंकाळ्यावर धुके असते, फिरायला जाणारे मफलर गुंडाळून निघतात, आणि अकरा वाजता तोच मफलर पिशवीत जातो. रात्री पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो, क्वचित त्याच्याही खाली, आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीस-एकोणतीस. ही गोष्ट आम्हाला जन्मापासून माहीत होती. तिचा कासवाशी काही संबंध असेल असे मात्र मनात आले नाही.

"मम्मी, त्याला शीतनिद्रा घ्यायचीय," धाकट्याने जाहीर केले. शाळेच्या पुस्तकात बेडकाची शीतनिद्रा त्याने वाचली होती. आणि याहून मोठा पुरावा म्हणजे त्याची फुफी.

माझी नणंद लग्नानंतर इंग्लंडला गेली, त्याला पंधरा वर्षे झाली. तिच्याकडेही कासव आहे. पण ते जमिनीवरचे, भूमध्य समुद्राकाठच्या देशांतले, हर्मन जातीचे. दर नोव्हेंबरात ती त्याला चक्क फ्रीजमध्ये झोपवते. पहिल्यांदा ऐकले तेव्हा अम्मींनी कानाला हात लावला होता. "जिवंत जनावर फ्रीजात? काय कलेजा आहे का नाही तुला?" फुफी हसली होती. त्या रात्री धाकट्याने तिला व्हिडिओ कॉल लावला आणि तासभर वही घेऊन बसला.

तिने सांगितले ते अगदी पद्धतशीर होते, आणि मी मुद्दाम इथे सविस्तर लिहिते आहे, कारण पुढे जे बिघडले त्यात तिची काही चूक नव्हती. झोपवायच्या आधी तीन-चार आठवडे खाणे पूर्ण बंद करायचे. पोटात अन्न राहिले तर थंडीत ते पचत नाही, आतल्या आत कुजते आणि जनावर झोपेतच दगावते. खाणे बंद, पण पाणी बंद नाही; उलट कोमट पाण्यात रोज बसवायचे, म्हणजे पोट साफ होते आणि शरीरात पाण्याचा साठा होतो. आजारी, सर्दी झालेले किंवा वजन घटलेले कासव त्या वर्षी झोपवायचेच नाही. मग मातीने अर्धा भरलेला, भोके पाडलेला खोका, आणि तो खोका एका वेगळ्या छोट्या फ्रीजमध्ये. तापमान पाच अंश, फार तर तीन ते सात. शून्याच्या खाली गेले तर डोळे गोठून कायमचे आंधळेपण येते; दहाच्या वर गेले तर झोप मोडते आणि ते साठवलेली चरबी जाळत बसते. फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या, म्हणजे तापमान खालीवर होत नाही. हवा बदलावी म्हणून दार रोज एकदा उघडायचे. आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्के घट झाली किंवा खोक्यात लघवी झालेली दिसली, तर उठवायचेच, थांबायचे नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर काढून ऊब द्यायची, कोमट पाण्यात बसवून पाणी पाजायचे, मग खाणे.

"थंडीत झोपलं नाही तर त्याचं चक्र बिघडतं," ती म्हणाली. धाकट्याने हे वाक्य वहीत अधोरेखित केले.

इंग्रजांना हा नाद जुना आहे म्हणे. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याने सेलबर्न गावातल्या आपल्या बागेत एक कासव ठेवले होते. मावशीकडून ते १७८० मध्ये त्याच्याकडे आले होते. नोव्हेंबरात ते स्वतः माती उकरून आत जायचे आणि वसंतात वर यायचे; हा माणूस त्याची बारीकसारीक नोंद ठेवायचा. त्या कासवाचे नाव टिमोथी. ते मेल्यावर कळले की टिमोथी मादी होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिची आठवण पुढे येणार आहे.

तर आमच्याकडे तयारी सुरू झाली. फ्रीजला मी ठाम नकार दिला. आमचा एकच फ्रीज, त्यात दूध, दही, मटण, शेजारणीने ठेवायला दिलेले पीठ, त्यात कासव? धाकट्याने मधला मार्ग काढला. बुटांचा खोका, त्यात कुंडीतली कोरडी माती, वर वर्तमानपत्र, आणि तो खोका जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत, जिथे आम्ही गव्हाचे डबे ठेवतो. घरातली सगळ्यात गार जागा तीच. बादशाहने आठवडाभर काही खाल्लेले नव्हतेच, तेव्हा पोट रिकामे झाले असे आम्ही धरून चाललो. काट्यावर वजन भरले ६२० ग्रॅम. वहीत तारीख टाकली. सगळे कसे शिस्तीत.

मी परवानगी दिली, हे इथे लिहायलाच हवे. मुलगा बारा वर्षांचा होता. मोठी मी होते.

रोज शाळेतून आला की तो खोका हळूच उघडून वजन करायचा. ६११. ६०३. ५९४. मला वाटले, पोर किती जबाबदारीने वागते आहे. सहाव्या दिवशी अम्मी तांदूळ काढायला त्या खोलीत गेल्या आणि खोका सरकवताना त्यांना आत खुडबुड ऐकू आली. झोपलेले जनावर खुडबुड कशाला करील? त्यांनी झाकण काढले आणि तिथूनच हाक मारली.

"अगं, हिकडं ये. ह्याचं डोळं बघ. सुजल्यात की."

डोळ्यांच्या पापण्या फुगून चिकटल्या होत्या. नाकपुडीवर बारीक बुडबुडा. पायाजवळची कातडी सुकलेल्या केळीच्या सालीसारखी सुरकुतली होती. उचलले तर हाताला हलके लागले. आणि अंग गार नव्हते. दुपारचे दोन वाजले होते, जिन्याखालची ती 'गार' खोलीही चांगली उबदार झाली होती.

धाकटा वही घेऊन धावत आला. वजन ५७२. तो हिशोब करून म्हणाला, "दहा टक्के म्हणजे ५५८. अजून चौदा ग्रॅम बाकी आहेत, मम्मी. फुफीनं सांगितलंय दहा टक्क्यांला उठवायचं."

त्याचा आवाज कापत होता. त्याला कळले होते की काहीतरी चुकले आहे, पण वहीतला नियम त्याच्या बाजूने होता. अम्मींनी वही त्याच्या हातातून काढून घेतली, मिटली आणि म्हणाल्या, "जनावराकडं बघ, बाळा."

पहिल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मी म्हशी बघतो, कुत्री-मांजरं बघतो, कासवाचं मला ठाऊक नाही. खरे सांगितले, म्हणून राग आला नाही. त्यांनीच दुसऱ्या एका डॉक्टरांचा नंबर दिला. पावसाळी कोटात गुंडाळलेला टब मांडीवर घेऊन मी मागे बसले आणि मुलाच्या अब्बांनी स्कूटर चालवली.

डॉक्टरांनी आधी आमचे सगळे ऐकून घेतले. वहीही पाहिली. मग धाकट्यालाच विचारले, "तुझ्या फुफीचं कासव तीन महिन्यांत किती ग्रॅम कमी होतं?" त्याने तेही लिहून ठेवले होते: अकराशे ग्रॅममधले तीसेक. "आणि तुझं सहा दिवसांत अठ्ठेचाळीस. मग हे झोपलं होतं का?"

पोर गप्प.

मग त्यांनी जे समजावले ते मला आजही पाठ आहे. कासवाला स्वतःची ऊब नसते, बाहेरची ऊब तीच त्याची ऊब. पाणी पंचवीस-सव्वीस अंश असले की ते खाते, पचवते, पोहते. दहाच्या खाली गेले की त्याच्या शरीराचा कारभारच मंदावतो, हृदयाचे ठोके अगदी कमी होतात, भूक नाही, खर्च नाही. याला इंग्रजीत ब्रुमेशन म्हणतात. अस्वलासारख्या प्राण्यांच्या झोपेहून ही निराळी; मधूनच जागे होऊन पाणीही पिणारी. पण पंधरा ते वीस-बावीस यांच्या मधली जी जागा आहे, ती वाईट. अन्न पचण्याइतकी ऊब नाही आणि झोप लागण्याइतकी थंडी नाही. प्रतिकारशक्ती झोपी जाते, पण खर्च चालूच राहतो. कोल्हापूरचा डिसेंबर नेमका असा. रात्री चौदा, दुपारी अठ्ठावीस. कासवाला ना झोप ना जाग.

दुसरी चूक याहून मोठी. फुफीचे कासव जमिनीवरचे, त्याला मातीत झोपायची सवय. आमचे बादशाह पाण्यातले. त्याची जात लाल कानाचे कासव, रेड इअर्ड स्लायडर. मूळ घर अमेरिकेतले मिसिसिपी नदीचे खोरे. तिथे कडाक्याच्या थंडीत ती तळ्याच्या तळाशी जाऊन बसतात आणि पाण्यातला थोडासा प्राणवायू कातडीतून घेऊन महिने काढतात. कोरड्या मातीच्या खोक्यात ठेवणे म्हणजे त्याला वाळत घालणे. इंग्रजीत जमिनीवरच्या कासवाला एक शब्द आहे, पाण्यातल्याला दुसरा. आपल्या मराठीत दोन्ही कासव, आणि आमच्या घरच्या बोलीतही दोन्ही कछुआच. आम्ही एका कासवाचा उपाय दुसऱ्या कासवाला केला होता.

इंजेक्शन त्यांनी पुढच्या पायात दिले. मागच्या भागात दिले तर औषध अंगभर फिरण्याआधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकते म्हणे. पातळ सलाईन कातडीखाली सोडले. पापण्या सुजायला अ जीवनसत्त्वाची कमतरताही कारणीभूत असते, असे सांगून खाण्याची चौकशी केली. आम्ही सहा वर्षे डब्यातल्या सुक्या कोळंबीवर त्याला वाढवले होते. ते ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. जाताना म्हणाले, "आणि हा बादशाह नाही. नराची पुढची नखं लांब असतात, शेपूट जाड असते. ही मादी आहे."

इतक्या टेन्शनमध्येही आम्हाला हसू आले. नाव मात्र बदलले नाही.

पुढचे नऊ दिवस घरात कुणी मोठ्याने बोलले नाही. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास खांद्यापर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात बसवायचे; नाक पाण्याबाहेर राहील याची काळजी घ्यायची. ऊब एकदम नाही, हळूहळू वाढवायची. तीन दिवसांआड इंजेक्शनला न्यायचे. धाकटा रात्री उठून टॉर्च मारून बघायचा. एकदा मला म्हणाला, "मी त्याला मारलं असतं ना?" अम्मी जाग्या होत्या. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची जी हदीस आपण लहानपणापासून ऐकतो, ती त्याला ठाऊक होती आणि तो तिलाच घाबरला होता. अम्मी म्हणाल्या, "त्या बाईनं कोंडलं आणि विसरली. तू रोज बघायला जात होतास." मला यावर अजून काय बोलावे सुचले नव्हते, त्यांना सुचले.

दहाव्या दिवशी डावा डोळा उघडला. बाराव्या दिवशी गाजराचा किसलेला तुकडा तोंडात धरला आणि टाकून दिला. चौदाव्या दिवशी गिळला. वजन ५९०.

आता आमच्याकडे हिवाळ्याची तयारी म्हणजे काय, ते सांगते. कुणाच्या घरी असे कासव असेल तर उपयोगी पडेल. थंडी सुरू व्हायची वाट बघायची नाही. ऑक्टोबरातच त्याला नीट तपासायचे: डोळे स्वच्छ आहेत का, नाकाला पाणी आहे का, पोहताना एका बाजूला कलते का (कलत असेल तर फुप्फुसात बिघाड समजावा, थेट डॉक्टर), पाठ कुठे मऊ लागते का. वजन लिहून ठेवायचे. मग टाकीत थर्मोस्टॅटचा हीटर, सव्वीस अंशांवर लावलेला. त्याला जाळीचे आवरण हवे, नाहीतर कासव अंग टेकून भाजून घेते. आणि पाणी बदलण्याआधी प्लग काढून हीटर गार होऊ द्यायचा, नाहीतर कोरडा पडून काच तडकते. ही एक काच आम्ही फोडली आहे. थर्मामीटर वेगळा, हीटरवरच्या आकड्यावर विश्वास नाही. टाकी खिडकीपासून लांब. दगडावर साधा बल्ब, तिथे तीस-बत्तीस अंश, आणि शेजारी अतिनील किरणांचा खास दिवा. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन त्याच्या हाडांना उपयोगाचे नसते, हे मला नव्याने कळले. दिवे फजरनंतर लागतात आणि मगरिबच्या अजानला बंद होतात. घरात कुणाला वेगळे घड्याळ लावावे लागत नाही. दुपारी ऊन चांगले असेल तर गच्चीवर टबात, पण अर्ध्या टबावर सावली ठेवून. तिथे अम्मींची खुर्चीही असते.

खाण्याचा नियम एकच: पाणी किती गरम आहे ते बघून खायला घाला, तारीख बघून नाही. वीज गेली, पाणी वीसच्या खाली आले, तर त्या दिवशी उपास. पाणी पुन्हा तापले की मग भाजी: गाजर, भोपळा, मेथी, शेवग्याचा पाला, अधूनमधून मासळीचा तुकडा. कोळंबी आता ईदच्या शिरखुर्म्यासारखी, सठीसहामाशी. हात लावल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचा जंतू असतो आणि लहान मुलांना त्याचा त्रास होतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासव पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. आपल्याकडे मात्र नाण्याएवढी पिले खुशाल विकली जातात. टाकी मोरीत धुवायची, भांड्यांच्या सिंकमध्ये कधीच नाही.

आजारपणात भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी सल्ला दिला, "सोडून द्या की रंकाळ्यात. जीव मोकळा होईल, सवाब मिळेल." कानाला गोड वाटले, खोटे कशाला बोलू. विजेचे बिल, जागा, सगळेच सुटले असते. पण डॉक्टरांनी आधीच बजावले होते. हे परदेशी कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत आहे. युरोपने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. ते आपल्या तळ्यातले बेडूक, मासे, पाणवनस्पती खाते आणि उन्हाची जागा आपल्या कासवांकडून हिसकावते. एकाचा जीव मोकळा करायचा आणि तळ्यातल्या बाकीच्यांचा कोंडायचा, यात सवाब कसला?

त्याच पाहुण्यांनी पुढे विचारले, मग पाठीवर चांदण्या असलेले आणा की, बरकत येते म्हणतात. चांदणी कासव घरी ठेवणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते येते, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच परिशिष्टात. २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. तरीही बरकतीच्या नावाखाली ते पिशव्यांत कोंबून विकले जाते. कुठे दिसले तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करावा.

सुटका नाही म्हटल्यावर हिशोब मांडला. नीट सांभाळले तर हे कासव तीस वर्षेही जगते. म्हणजे धाकटा पुण्याला शिकायला जाईल, नोकरी लागेल, कदाचित फुफीसारखा परदेशी जाईल, आणि बादशाह इथेच असेल. परवा मी सहज म्हटले, "तू गेल्यावर हे माझ्याच गळ्यात." तो म्हणाला, "मी घेऊन जाईन." अम्मींनी गच्चीवरच्या खुर्चीतून विचारले, "आणि तुझी बायको नाही म्हणाली तर?" त्याने उत्तर दिले नाही, पण बराच वेळ टबात हात बुडवून बसला.

यंदा नोव्हेंबरच्या शेवटी इंग्लंडहून फोटो आला. छोट्या फ्रीजचे दार उघडे, आत खोका, शेजारी पाण्याच्या बाटल्या, वर चिठ्ठी: ५ अंश. खाली फुफीने लिहिले होते, "आज झोपवलं."

धाकट्याने टाकीतल्या थर्मामीटरचा फोटो काढला. २६. मागे काचेला नाक लावून बादशाह, एक पाय उचललेला.

"आमचं जागं आहे," त्याने लिहिले, आणि मेथी निवडायला माझ्याजवळ येऊन बसला.